मदतनिधीची मैफल: मंडळाच्या सुरांआधी त्याचा हिशेब बघा

पुण्यात शनिवार-रविवारी कुठल्याही सभागृहाबाहेरचा फलक वाचला, तर त्यावर एक ओळ वरचेवर दिसते. 'कार्यक्रमाचे उत्पन्न अमुक संस्थेच्या मदतीसाठी.' गाणारे बहुतेक हौशी असतात. कोणी बँकेतून निवृत्त झालेले, कोणी आयटीतले, कोणी डॉक्टर, कोणी घर सांभाळून रियाज करणाऱ्या. त्यांचे मंडळ वर्षाला तीन-चार कार्यक्रम करते आणि दर कार्यक्रमाला जवळपासची एखादी संस्था जोडून घेते. मग तो वृद्धाश्रम असेल, दृष्टिहीन मुलांचे वसतिगृह असेल, नाहीतर वस्तीतली अभ्यासिका. संस्थेच्या बाजूने पाहिले तर ही एक सेवाच आहे. संस्था आपले नाव, आपली माणसे आणि आपला वेळ देते, बदल्यात निधी आणि ओळख मिळते. कोणत्या मंडळाला हो म्हणावे, कोणाला नम्रपणे नको म्हणावे आणि हो म्हटल्यावर काय लिहून घ्यावे, हे संस्थेच्या विश्वस्तांना ठरवता यावे म्हणून हे परीक्षण.

मराठी माणसाला ही कल्पना नवी नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहात बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन गायक-नट एकाच रंगमंचावर उभे राहिले ते टिळक स्वराज्य फंडासाठी. त्या 'संयुक्त मानापमान' नाट्यप्रयोगाची आठवण आजही निघते, आणि निघाली की गाण्याबरोबर फंडाचेही नाव येते. चांगल्या मदतनिधी कार्यक्रमाची हीच खूण. गाणे लक्षात राहावे आणि ते कशासाठी गायले गेले हेही लक्षात राहावे.

निकाल आधीच सांगून टाकतो. सेवा घेण्यासारखी आहे, लहान संस्थांनी तर जरूर घ्यावी. पण तिकिटांच्या पैशातून कार्यक्रमाचा खर्च भागवणाऱ्या मंडळाकडून घेऊ नये, मग ते कितीही सुरेल गाओ.

खर्च कोणाच्या खिशातून

हिशेब कळावा म्हणून काही आकडे धरून चालू. सभागृह ८०० खुर्च्यांचे. त्यातल्या १०० खुर्च्या सन्मानिकांना (फुकट प्रवेशिकांना) आणि प्रायोजकांना गेल्या. उरलेल्या ७०० पैकी ३०० खुर्च्या ३०० रुपयांच्या, ४०० खुर्च्या २०० रुपयांच्या. सगळी तिकिटे खपली तर जमा होतात १,७०,००० रुपये. सगळी खपत नाहीत. ६५ टक्के खपली असे धरले तर १,१०,५०० रुपये.

आता खर्च. सभागृहाचे भाडे आणि वीज २५,०००, ध्वनी आणि प्रकाश २५,०००, सहा वादकांचे मानधन प्रत्येकी ४,००० प्रमाणे २४,०००, छपाई आणि फलक ८,०००, खाणे आणि वाहतूक ७,०००, परवाने ६,०००. एकूण ९५,०००. संस्थेच्या हाती उरले १५,५००. त्यासाठी संस्थेच्या कार्यकर्त्यांनी दीड महिना दारोदार तिकिटे खपवलेली असतात. ३०० रुपये देणाऱ्याला वाटते आपले ३०० वसतिगृहाला गेले, प्रत्यक्षात त्यातले ४२ जातात.

त्याच कार्यक्रमात मंडळाने आधी स्मरणिकेच्या १० जाहिराती ५,००० प्रमाणे आणल्या आणि एका व्यावसायिकाकडून ५०,००० मिळवले, तर खर्च भागून ५,००० वर उरतात आणि तिकिटांचे १,१०,५०० अख्खेच्या अख्खे संस्थेकडे जातात. गाणी तीच, वादक तेच, खुर्च्या तेवढ्याच. फरक फक्त क्रमाचा. खर्चाचे पैसे आधी उभे राहिले की नाही, एवढाच.

म्हणून पहिल्या भेटीत मंडळाला एकच प्रश्न विचारावा: 'तिकीट विक्री सुरू होण्याआधी तुमच्याकडे खर्चाची किती रक्कम जमा असते?' चांगली मंडळे याचे उत्तर आकड्यात देतात. काही मंडळांत सभासदांची वार्षिक वर्गणीच खर्चासाठी असते, हौस आमची म्हणून खर्चही आमचा, असा त्यांचा सरळ हिशेब. अशा मंडळाचा आवाज जरा कच्चा असला तरी चालेल. 'आधी कार्यक्रम तर होऊ दे, मग बघू' म्हणणाऱ्यांशी कागद करू नये.

वादकांचे मानधन कापून बचत सुचवली जाते, तिला मान्यता देऊ नये. तबला, ढोलकी, की-बोर्ड, ऑक्टोपॅड वाजवणाऱ्यांचे घर या 'नाइट'वर चालते. हौस गाणाऱ्याची असते, त्यांची नाही. एखाद्याने आपणहून कमी घेतले तर त्याचे नाव मंचावरून आदराने घ्यावे.

चार प्रकारची मंडळे, चार प्रकारचा लाभ

कराओके क्लब, म्हणजे आधी मुद्रित केलेल्या वाद्यसंगीतावर (ट्रॅकवर) गाणारे, संख्येने सर्वांत जास्त दिसतात. वादकांचा खर्च नाही, त्यामुळे कार्यक्रम स्वस्तात बसतो. छोट्या सभागृहात २५-३० हजारांतही होऊ शकतो. तिकिटेही खपतात, कारण गाणाऱ्या प्रत्येकाचे दहा-बारा नातेवाईक येतातच. अडचण तिथेच आहे. ३५ सभासद, प्रत्येकाला एक गाणे हवे. गाण्याला पाच मिनिटे धरली तरी १७५ मिनिटे नुसत्या गाण्यांची, निवेदन वेगळे. आपल्या माणसाचे गाणे झाले की कुटुंब उठते. संस्थेचा माणूस बोलायला उभा राहतो तेव्हा समोर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. क्लबशी बोलताना गाण्यांची संख्या २० वर बांधून घ्यावी, बाकीच्यांना युगुलगीतात किंवा समूहगीतात सामावून घ्यायला सांगावे. २० गाण्यांचे १०० मिनिटे, निवेदनाचे ३०, संस्थेचे १०, मध्यंतर १५. दोन तास ३५ मिनिटांत सगळे बसते. भाड्याच्या वेळेत मांडामांड आणि आवराआवरही येते, हे विसरून चालत नाही.

ट्रॅकचा दर्जा हा कराओकेचा दुसरा प्रश्न. यूट्यूबवरून उतरवलेला ट्रॅक घरच्या स्पीकरवर बरा वाटतो, सभागृहात त्याचा खर्ज फुगतो आणि वरचे सूर खरखरतात. त्यातून गायकाची पट्टी बदलण्यासाठी ट्रॅक दोन-तीन स्वर खाली-वर सरकवला की वाद्यांचा आवाज चेपल्यासारखा होतो. ट्रॅक हव्या त्या पट्टीत विकत घ्यावा, सगळे एकाच लॅपटॉपवर अनुक्रमांक देऊन ठेवावेत, दुसरी प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी आणि लॅपटॉपवरच्या सूचना, अपडेट, वायफाय सगळे बंद करावे. मोबाइलवरून ट्रॅक लावू देऊ नये. गाण्याच्या मधोमध फोन वाजला की रसभंग होतो आणि परत सूर लागत नाही.

वाद्यवृंदासह गाणारी सुगम संगीताची मंडळे महाग पडतात, पण अनोळखी श्रोता त्यांनाच येतो. संस्थेला खरी गरज या अनोळखी श्रोत्याची असते, कारण ओळखीच्यांकडून देणगी आधीच मागून झालेली असते. ज्या संस्थेकडे एखादा मोठा प्रायोजक आहे तिने हाच प्रकार निवडावा. तालीम किती होते ते विचारावे. गायकांसह पूर्ण वाद्यवृंदाच्या दोन तालमी ही कमीत कमी अट. एकाही तालमीशिवाय वादक थेट मंचावर भेटणार असतील, तर गाण्यांची सुरुवात आणि शेवट हमखास घसरतो.

वृंदगान करणारी मंडळे कमी आहेत, आणि ती या कामाला सर्वांत योग्य आहेत. तीस गळे एकत्र गातात तेव्हा 'माझे गाणे' हा प्रश्नच मिटतो. कार्यक्रम वेळेत संपतो, निवेदन थोडके लागते आणि संस्थेचा विषय गाण्यांत गुंफता येतो. पट्टीचा पेच मात्र असतो. पुरुषांचा आवाज पेटीच्या काळी एक-दोन पट्टीच्या आसपास मोकळा होतो, बायकांचा काळी चार-पाचला. मधली पट्टी धरली तर दोघांनाही अवघडते. अनुभवी संचालक सगळ्यांना सगळ्या ओळी गायला लावत नाही. वरच्या ओळी एका गटाला, खालच्या दुसऱ्याला देतो आणि ध्रुवपदात सगळ्यांना एकत्र आणतो. ध्वनिवाल्याला हे आधी सांगावे लागते. तीस जणांना तीस हातातले माइक देणे हा उपाय नव्हे. सात-आठ जणांमागे एक कंडेन्सर (थोड्या अंतरावरचाही आवाज टिपणारा) माइक, असे चार माइक उंच स्टँडवर गायकांपासून दोन-तीन फुटांवर ठेवले तर आवाज एकजीव येतो. त्या वेळी समोरचे मॉनिटर, म्हणजे गायकांना ऐकू येण्यासाठीचे स्पीकर, हळू ठेवायचे, नाहीतर शिट्टी सुरू होते. मागची रांग पायरीवर उभी हवी. डोकी एकामागे एक आली की मागचे गळे माइकपर्यंत पोचतच नाहीत.

ढोल-ताशा पथकांचा हिशेब पूर्ण वेगळा. तिथे तिकीट नाही, खुर्ची नाही. गणेश मंडळांकडून मिरवणुकीची सुपारी येते आणि त्यातला वाटा पथक संस्थेला देते. रक्कम भरघोस असू शकते आणि संस्थेला काहीच विकावे लागत नाही. पण ढोलाची पाने, दोऱ्या, टिपरू, टेम्पो, सरावाची जागा यांचा खर्च आधी निघतो आणि सुपारीचे पैसे मंडळांकडून यायला गणेशोत्सवानंतर कधीकधी दिवाळी उजाडते. संस्थेने पथकाच्या देणगीवर सप्टेंबरातले पगार धरू नयेत. पथकाकडून सर्वांत मोलाचे मिळतात ते हात. शंभर-दीडशे तरुण मुले-मुली वर्षातून चार रविवार संस्थेत येऊन काम करतील असे ठरवता आले, तर ते सुपारीच्या वाट्याहून मोठे.

यापलीकडे एक निराळी वाट आहे, जिथे मदत घेणारे आणि गाणारे एकच. वरोऱ्याच्या आनंदवनातला 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद कुष्ठमुक्त, दृष्टिहीन आणि अपंग कलाकारांचा आहे. तिथे प्रेक्षक कणवेने नाही, गाण्यासाठी टाळी वाजवतो. ज्या संस्थांत चांगले गाणारे-वाजवणारे रहिवासी आहेत त्यांनी हौशी मंडळाला सांगावे, आमच्या दोघांना तुमच्यात घ्या, एका गाण्यापुरते नाही, पूर्ण कार्यक्रमात. मंडळाने याला हो म्हटले तर ते मंडळ सोडू नये.

तिकिटे: गळती इथे होते

पैसे बुडतात ते चोरीने क्वचित, ढिलाईने जास्त. 'काकूंकडे २० तिकिटे दिली आहेत' हे वाक्य वहीत 'विकली' म्हणून नोंदले जाते आणि कार्यक्रमाच्या दिवशी काकू १३ तिकिटे परत आणतात. तेवढ्या खुर्च्या रिकाम्या, तेवढे पैसे हिशेबात उगीच दिसत राहतात.

तिकिटांची २५-२५ ची पुस्तके करावीत, अनुक्रमांक आणि स्थळप्रतीसह (तिकीट फाडल्यावर पुस्तकात राहणारा भाग). वहीत चार रकाने असावेत: दिली, विकली, पैसे जमा, परत. 'विकली' आणि 'पैसे जमा' हे दोन रकाने कधीही एक करू नयेत. न खपलेली तिकिटे तीन दिवस आधी परत घ्यायची, म्हणजे ती ऑनलाइन किंवा दारावर विकता येतात. सन्मानिकांचा आकडा करारात लिहायचा आणि त्यांवर वेगळ्या रंगाचा शिक्का मारायचा. सन्मानिका वाढत जातात आणि त्या नेहमी पुढच्या रांगांतून जातात, हे ध्यानात ठेवावे.

तिकिटाची किंमत ५०० रुपयांपर्यंत ठेवली तर संगीताच्या कार्यक्रमाच्या प्रवेशावर जीएसटी लागत नाही. ५०० च्या वर गेलात आणि आयोजकाची जीएसटी नोंदणी असेल तर कर भरावा लागतो. ६०० रुपयांची 'प्रीमियम' रांग काढण्याआधी एवढा विचार करावा. बहुतेक वेळा ५०० ची रांग आणि शेजारी देणगीचे पाकीट हाच मार्ग सोपा पडतो.

पैसे कोणाच्या खात्यात जमा व्हायचे, हा या सगळ्याचा गाभा. तिकिटांचा क्यूआर कोड संस्थेच्या चालू खात्याचा असावा. मंडळाच्या खजिनदाराच्या वैयक्तिक खात्याचा कोड कितीही सोयीचा असला तरी नको. एकतर माणसावर उगाच संशय येतो, शिवाय त्याच्या खात्यात लाखभर रुपये आले की आयकराचे उत्तर त्यालाच द्यावे लागते. मंडळ नोंदणीकृत नसेल आणि तरी स्वतःच्या नावाने धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करणार असेल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क नुसार धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळे वर्गणीसाठी घेतात तीच ही. रक्कम थेट नोंदणीकृत संस्थेच्याच खात्यात जात असेल तर मंडळाच्या मागची ही कटकट बरीचशी टळते.

८०जीचा गैरसमज

'तिकिटावर ८०जीची सवलत मिळेल' असे बरीच मंडळे जाहिरातीत छापतात. ८०जी म्हणजे देणगीवर मिळणारी आयकराची सवलत, म्हणून ते चूक आहे. तिकीट म्हणजे कार्यक्रम पाहण्याचा मोबदला, देणगी नव्हे. त्यावर ८०जीची पावती दिली तर अडचणीत येते ती संस्था. देणगी वेगळी घ्यावी, वेगळी पावती द्यावी. त्यासाठी मध्यंतरात दाराशी दोन टेबले मांडावीत. प्रत्येकावर एक पावतीपुस्तक, एक क्यूआर कोडचा फलक आणि देणगीदाराचे नाव, पत्ता, पॅन लिहून घ्यायला एक माणूस. पॅन घेतला नाही तर नंतर प्रमाणपत्र देता येत नाही आणि देणगीदार चिडतो. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत मिळत नाही, तेव्हा मोठी रक्कम धनादेशाने किंवा यूपीआयने मागावी. नव्या करपद्धतीत ही सवलत नाहीच. म्हणून करबचतीच्या नावाने आवाहन करण्यापेक्षा कामाच्या नावाने करावे, ते अधिक खरेही आहे.

परदेशी पैशाचे एक पथ्य कटाक्षाने पाळायला हवे. श्रोत्यांत अशी आईबापे असतात ज्यांची मुले अमेरिकेत किंवा इंग्लंडात आहेत. ती उत्साहाने सांगतात, 'माझा मुलगा तिकडून पाठवेल.' मुलाकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो आपल्या बचतीतून, बँकेच्या नेहमीच्या मार्गाने देत असेल तर हरकत नाही. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी, ती परदेशी देणगी ठरते. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतले ठरावीक खाते लागते. सभागृहातला क्यूआर कोड अशा पैशासाठी नाही, हे निवेदकाने एका वाक्यात सांगितले तर पुढचा मनस्ताप वाचतो.

गाण्यांचे हक्क

'आम्ही हौशी आहोत आणि कार्यक्रम धर्मादाय आहे, आम्हाला परवाना कशाला?' असे जवळजवळ प्रत्येक मंडळ म्हणते. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये हौशी मंडळांना सवलत आहे खरी. कलम ५२ मध्ये ती दिली आहे, पण दोनच प्रसंगी: श्रोत्यांकडून पैसे घेतलेले नसतील तेव्हा, किंवा कार्यक्रम धार्मिक संस्थेच्या लाभासाठी असेल तेव्हा. वृद्धाश्रमासाठी तिकीट लावून केलेला कार्यक्रम यातल्या कशातच बसत नाही. तेव्हा गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचा परवाना काढावा आणि त्याची रक्कम खर्चाच्या अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी धरावी. ज्यांनी ती गाणी रचली त्यांचा हक्क बुडवून कोणा गरजूला मदत करणे शोभत नाही.

हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत आहे. संतांचे अभंग शब्द म्हणून मोकळे, पण ज्या चालीत ते घरोघरी पोचले ती चाल एखाद्या आधुनिक संगीतकाराची असेल तर तिचा हक्क वेगळा. देवलांच्या काळातली नाट्यपदे आणि पारंपरिक चालींतले अभंग, भारुडे, ओव्या घेतल्या तर हा खर्च कमी होतो आणि कार्यक्रमाला वेगळेपणही येते. ट्रॅक वाजवणार असाल तर ध्वनिमुद्रणाचा हक्क हा आणखी निराळा विषय. कार्यक्रम यूट्यूबवर थेट दाखवला आणि मध्येच आवाज बंद पडला तर परदेशातले नातेवाईक फोन करत बसतात. थेट प्रक्षेपण करायचेच तर संस्थेच्या दहा मिनिटांचे करावे.

ती दहा मिनिटे

मंडळाची पारख या दहा मिनिटांत होते. कार्यक्रमाच्या सुरुवातीला संस्थेला बोलायला लावले तर लोक अजून खुर्च्या शोधत असतात. शेवटी लावले तर रिक्षा आणि बस शोधत असतात. मध्यंतराच्या लगेच आधीची वेळ मागावी आणि ती करारात लिहून घ्यावी. श्रोता ऐकतो आणि तसाच उठून देणगीच्या टेबलाशी जातो.

दहा मिनिटांत तीन गोष्टी पुरतात. चार मिनिटांची चित्रफीत, आवाजाची पातळी आधी तपासलेली. मग संस्थेतल्या एकाच माणसाचे तीन-चार मिनिटे बोलणे, आणि तो माणूस अध्यक्ष असण्यापेक्षा रोज काम करणारी परिचारिका किंवा वसतिगृहाची ताई असावी. शेवटी मागणी, आकड्यात. 'यथाशक्ती मदत करा' म्हटले की लोक पाकिटात ५१ घालतात. 'एका मुलीचा महिन्याचा जेवणखर्च एवढा आहे, आज बारा मुलींचा वर्षाचा खर्च उभा करायचा आहे' म्हटले की लोक मनात भागाकार करू लागतात.

शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि पाहुण्यांची भाषणे या वेळेत घुसतात. त्यांना इथे जागा नाही. दीपप्रज्वलन आणि सत्कार मिळून सुरुवातीची सात मिनिटे, त्यात काय ते उरका.

मुलांना मंचावर उभे करून 'ही आपली अनाथ लेकरे' म्हणण्याची पद्धत ताबडतोब थांबली पाहिजे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख माध्यमांतून उघड करायला बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ ने मनाई आहे. सभागृहातल्या दोनशे मोबाइलांतून ते फोटो रात्रीपर्यंत सगळीकडे गेलेले असतात. कायदा बाजूला ठेवला तरी त्या मुलाला दुसऱ्या दिवशी शाळेत जायचे असते. मुले गाणार असतील तर गायक म्हणून गावीत, नावाआधी कुठलेही विशेषण न लावता.

जागा आणि वेळ

मोठे सभागृह घेण्याचा मोह आवरावा. बालगंधर्व रंगमंदिरासारख्या ठिकाणी तारीख मिळणेच अवघड, आणि हजाराच्या आसपास खुर्च्या भरायला हौशी मंडळाची ताकद अपुरी पडते. अर्ध्या रिकाम्या मोठ्या सभागृहापेक्षा गच्च भरलेले २०० खुर्च्यांचे बरे, गाणाऱ्यालाही आणि देणाऱ्यालाही. नवी पेठेतल्या 'निवारा'सारख्या वृद्धाश्रमाच्या सभागृहात कार्यक्रम केला तर भाडेही एका सेवाभावी संस्थेलाच जाते. संस्थेचे स्वतःचे आवार असेल तर तिथेच एक छोटी मैफल करावी. लोकांना जागा दिसते, वास्तू दिसते, स्वयंपाकघर दिसते. उघड्यावर असेल तर रात्री दहाच्या आत ध्वनिक्षेपक बंद झाला पाहिजे. बंदिस्त सभागृहाला ती अट नाही, पण शेजाऱ्यांच्या झोपेचा विचार तिथेही करावा.

जून ते सप्टेंबर उघड्यावर काही ठरवू नये. दहावी-बारावीच्या परीक्षांचे फेब्रुवारी-मार्च टाळावेत, कारण घराघरांतले कार्यकर्ते तेव्हा अडकलेले असतात. दिवाळीनंतरचे पंधरा दिवस ते डिसेंबरचा दुसरा आठवडा हा काळ सर्वांत चांगला. लोक हौसेने बाहेर पडतात आणि हवाही गळ्याला मानवते.

एक संस्था, एक वर्ष

दर कार्यक्रमाला नवी संस्था, नाहीतर एकाच कार्यक्रमाला चार संस्था घेणारी मंडळे पुष्कळ. यादी मोठी दिसते, फलकावर नावे खूप येतात. पण एका रात्रीचे २०,००० चार संस्थांत वाटले तर प्रत्येकीला ५,००० मिळतात आणि चौघींचेही कार्यकर्ते महिनाभर राबलेले असतात. त्याऐवजी एका मंडळाने एका संस्थेला वर्षभर धरावे आणि तीन कार्यक्रम करावेत. पहिल्याला मंडळाचे लोक संस्था समजून घेतात. दुसऱ्याला श्रोत्यांना नाव ओळखीचे होते. तिसऱ्याला आधीचे देणगीदार स्वतःहून दोन माणसे घेऊन येतात. संस्थेला खरा लाभ या तिसऱ्या कार्यक्रमाला मिळतो, आणि नेमके तेव्हाच बहुतेक मंडळे दुसरीकडे गेलेली असतात.

त्यासाठी देणगीच्या टेबलावर एक साधी वही ठेवावी: नाव, फोन आणि 'संस्थेची माहिती पाठवलेली चालेल का' याचे उत्तर. ही वही संस्थेची, मंडळाची नव्हे. मंडळाने ती आपल्या पुढच्या कार्यक्रमाच्या जाहिरातीला वापरायची नाही, हे करारात असावे.

करार एका पानाचा पुरे. त्यात तिकिटांचे खाते कोणाचे, खर्च कोणाचा आणि तो आधी किती जमा, सन्मानिका किती, गाणी किती, संस्थेची वेळ कोणती, चित्रीकरणाचा हक्क कोणाकडे, कार्यक्रम रद्द झाला तर पैसे कोणी आणि किती दिवसांत परत करायचे, एवढे असावे. आणि हिशेबाची तारीख. कार्यक्रमापासून १५ दिवस. त्या दिवशी मंडळाचा खजिनदार आणि संस्थेचा खजिनदार समोरासमोर बसतात, तिकिटांच्या स्थळप्रती मोजतात, बिले लावतात आणि एका कागदावर दोघे सही करतात. तोच कागद संस्थेच्या दर्शनी फलकावर लावावा आणि मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावरही टाकावा, उरलेल्या प्रत्येक रुपयासकट. मंचावर दिला जाणारा थर्माकोलचा मोठा धनादेश त्यानंतर द्यायचा असेल तर खुशाल द्यावा, रक्कम खात्यात जमा झाल्याच्या तारखेसह.